क्रयशक्तीनुसार घरगुती उपभोग कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताची अर्थव्यवस्था जगात तिसरी की पाचवी, असा वाद आमच्या वर्गात दरवर्षी एकदा तरी रंगतो. दोन देशांच्या पैशांची तुलना कशाने करायची यावर तो अडतो, आणि तो मिटवायला बसलं की त्यातून आणखी डझनभर प्रश्न निघतात. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि परदेशात नोकरीला निघालेले माजी विद्यार्थी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

यात नेमकं मोजतात काय?

एखाद्या देशातली कुटुंबं वर्षभरात किती वस्तू आणि सेवा वापरतात, ते. किती पैसे खर्चतात, हा वेगळा प्रश्न झाला. खर्च म्हणजे किंमत गुणिले प्रमाण. दोन देशांतल्या कुटुंबांचा खर्च शेजारी मांडला, तर त्यातला काही फरक किमतींचा असतो आणि काही खरोखर कमी-जास्त खाण्या-वापरण्याचा असतो. किमतींचा फरक बाजूला काढला की मागे उरतं ते राहणीमान. हा फरक काढायला जो भाजक लागतो त्याला क्रयशक्ती समानता म्हणतात. बोलताना आपण सगळे पीपीपीच (पर्चेसिंग पॉवर पॅरिटी) म्हणतो.

डॉलरचा भाव रोज पेपरात येतो. त्याने भागलं की झालं, नाही का?

नाही. चलनाचा बाजारभाव ठरतो आयात-निर्यात, परकी गुंतवणूक, व्याजदर आणि सट्टा यांवर. दाढी-कटिंग, शिकवणी, रिक्षाचं भाडं, धुणं-भांडी या गोष्टी जहाजात भरून परदेशी जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या किमती त्या भावात धड उतरतच नाहीत. गरीब देशांत मजुरी कमी असते म्हणून अशा सेवा स्वस्त असतात. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये याचं कारण स्वतंत्रपणे मांडलं. श्रीमंत देशांत कारखान्यांची उत्पादकता वाढते, तिथली मजुरी वाढते, आणि त्या मजुरीच्या ओढीने न्हाव्याचीही मजुरी वाढते, जरी तो पूर्वीइतक्याच वेळात तेवढेच केस कापत असला तरी.

फरक किती पडतो ते पाहा. २०१७ मध्ये एका डॉलरचा बाजारभाव सरासरी ६५.१२ रुपये होता. त्याच वर्षी संपूर्ण जीडीपीसाठी, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनासाठी, काढलेला पीपीपी होता २०.६५ रुपये. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं, तेवढं भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होतं. बाजारभावाने भागलं तर आपलं राहणीमान तिपटीहूनही कमी दिसतं.

हा २०.६५ सारखा आकडा काढतात कसा?

एक छोटं उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले. तीनच गोष्टी धरा. तांदूळ इथे ६० रुपये किलो आणि तिथे २ डॉलर किलो, म्हणजे गुणोत्तर ३०. कटिंग इथे १०० रुपये, तिथे २५ डॉलर, गुणोत्तर ४. मोबाइल इथे १५,००० रुपये, तिथे २०० डॉलर, गुणोत्तर ७५.

आता सरासरी काढायची. पण कुठल्या वजनांनी? खरी मेख इथेच आहे. समजा, आपल्या घरी शंभरातले ६० रुपये तांदळावर, २० कटिंगवर आणि २० मोबाइलवर जातात. अमेरिकेत तेच प्रमाण १०, ५० आणि ४० आहे. अमेरिकेची टोपली धरून ती दोन्हीकडच्या भावाने विकत घेतली, तर एका डॉलरला ३५ रुपये पडतात. आपली टोपली धरली, तर साधारण १४. त्याच किमती, तेच दोन देश, आणि उत्तरात अडीच पटींचा फरक!

याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. जे स्वस्त असतं ते माणूस जास्त वापरतो. आपली टोपली आपल्याकडे स्वस्त असलेल्या गोष्टींनी भरलेली असते, म्हणून तिच्या वजनांनी आपला देश स्वस्त दिसतो. त्यांच्या टोपलीत त्यांच्याकडे स्वस्त आणि आपल्याकडे महाग असलेल्या गोष्टी जास्त, म्हणून तिने तोच देश महाग दिसतो. दोन्ही उत्तरं बरोबर असतात, पण कोणतंही एकटं पुरेसं नसतं. म्हणून दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घेतात. त्याला फिशर निर्देशांक म्हणतात. आपल्या उदाहरणात तो साधारण २२ येतो.

दोन देशांपुरतं हे ठीक. देश दीडशेच्या वर गेले की नवी अडचण उभी राहते. भारत-अमेरिका आणि अमेरिका-जपान यांच्या आकड्यांतून निघणारी भारत-जपान तुलना आणि थेट काढलेली तुलना जुळत नाही. ती जुळवून घेण्यासाठी प्रत्येक जोडीची तुलना बाकी सगळ्या देशांच्या वाटेने करून त्यांची सरासरी काढतात. जिनी, एल्टेटो, कोव्हेश आणि शुल्ट्झ यांच्या आद्याक्षरांवरून या रीतीला जीईकेएस हे नाव पडलं.

हे काम करतं कोण?

आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी तो सुरू केला. अर्व्हिंग क्रेव्हिस, अ‍ॅलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स ही त्यामागची मुख्य माणसं. १९७० सालच्या पहिल्या फेरीत फक्त दहा देश होते आणि त्यांत भारत होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आता याचं जागतिक कार्यालय जागतिक बँकेत आहे. आशिया-पॅसिफिकचं काम आशियाई विकास बँक पाहते. भारतात किमती गोळा करण्याचं काम सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडे आहे. २०२१ हे आधारवर्ष असलेल्या फेरीचे निकाल मे २०२४ मध्ये आले आणि त्यांत १७६ देश-प्रदेश होते. खरं तर ती फेरी २०२० ची होती, कोविडमुळे वर्षभर पुढे गेली.

दोन देशांतली वस्तू ‘तीच’ आहे हे कसं ठरवतात?

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात सुंदर भाग हाच.

घरगुती उपभोग ११० मूलभूत गटांत विभागतात. तांदूळ हा एक गट, पाव हा एक, पादत्राणं, दवाखान्याची फी, असं करत जातात. प्रत्येक गटात नेमक्या वर्णनाच्या वस्तू ठरवतात. नुसतं ‘तांदूळ’ म्हणून भागत नाही. लांब दाण्याचा की आखूड, पाकिटातला की सुटा, किती टक्के तुकडा, किती किलोचं पाकीट, दुकानातला की बाजारातला, हे सगळं लिहावं लागतं. आंबेमोहर आणि कोलम यांच्या भावातला फरक आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एका देशाने आंबेमोहराचा भाव कळवला आणि दुसऱ्याने कोलमाचा, तर पहिला देश विनाकारण महाग ठरेल.

आता पेच असा की वस्तू दोन्हीकडे सारखी हवी आणि दोन्हीकडे लोकांच्या रोजच्या वापरातलीही हवी. या दोन अटी एकमेकींशी भांडतात. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी इथिओपियातल्या टेफ या धान्याचं उदाहरण दिलं आहे. तिथल्या ताटात ते रोज असतं आणि जगात इतरत्र फारसं कुठे मिळत नाही. मग त्याची तुलना कशाशी करायची? आपल्या ज्वारी-बाजरीचं तेच. सोलापूरच्या घरात ज्वारी हे रोजचं अन्न, तर युरोपातल्या शहरात ती एखाद्या खास दुकानातल्या महागड्या पाकिटात सापडेल. त्या पाकिटाचा भाव धरला तर भारत हास्यास्पद इतका स्वस्त दिसेल. म्हणून प्रत्येक देशाने ‘ही वस्तू आमच्याकडे महत्त्वाची आहे की नाही’ हे सांगायचं आणि महत्त्वाच्या वस्तूंना जास्त वजन द्यायचं, अशी पद्धत आहे. तिने पेच सैल होतो, पुरता सुटत नाही.

जीडीपीचा पीपीपी आणि घरगुती उपभोगाचा पीपीपी एकच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. जीडीपीत धरणं, यंत्रं, पूल, लष्कर सगळं येतं. घरच्या ताटाशी त्यांचा थेट संबंध नाही. राहणीमान पाहायचं असेल तर उपभोगाचाच पीपीपी घ्या. वर दिलेला २०.६५ हा जीडीपीचा आहे, हे विसरू नका.

‘प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग’ हे काय नवीन?

समजा, दोन देशांत मुलं तेवढीच शिकतात आणि आजारी माणसांवर तेवढेच उपचार होतात. एका देशात शाळा आणि दवाखाना सरकार चालवतं, दुसऱ्यात घरचे लोक खिशातून पैसे भरतात. फक्त घरगुती खर्च मोजला तर दुसऱ्या देशातली कुटुंबं जास्त ‘उपभोग’ घेताना दिसतील. प्रत्यक्षात ती फक्त जास्त बिलं भरत असतात. म्हणून घरांचा खर्च, सेवाभावी संस्थांनी लोकांना दिलेल्या सेवा आणि सरकारने व्यक्तींना दिलेल्या सेवा यांची बेरीज करतात. जिल्हा परिषदेची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यात येतं, सीमेवरची चौकी येत नाही. ही बेरीज म्हणजे प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग.

देशांची तुलना करताना मी स्वतः नेहमी हाच आकडा पाहते. आयर्लंड घ्या. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा नफा तिथे नोंदला जात असल्याने दरडोई जीडीपी युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त दिसतो. पण तिथले लोक प्रत्यक्ष काय वापरतात हे पाहिलं, तर तोच देश सरासरीच्या आसपास, काही वर्षं तर तिच्याही खाली येतो. लक्झेंबर्गमध्ये रोज शेजारच्या देशांतून लाखो माणसं कामाला येतात. त्यांचं उत्पादन त्या देशात मोजलं जातं, पण दरडोई काढताना भागायच्या लोकसंख्येत ती माणसं नसतात.

मात्र सरकारी सेवांना बाजारभाव नसतो, म्हणून त्यांची किंमत शिक्षक-डॉक्टरांच्या पगारांवरून धरतात. त्यामुळे हा आकडाही या भागात कच्चा आहे.

स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं भाडं कसं मोजतात?

‘हेच घर भाड्याने घेतलं असतं तर किती पडलं असतं’ असं अंदाजाने धरतात. खेड्यात घरं भाड्याने जातच नसतील तर खोल्या, चौरस फूट, पाणी, वीज, संडास यांवरून तुलना करतात. माझ्या मते घरभाड्याचे आकडे या साऱ्या मोजणीत सर्वांत डळमळीत आहेत.

भारतातल्या उपभोगाचा रुपयांतला आकडा येतो कुठून?

दोन ठिकाणांहून, आणि दोन्ही जुळत नाहीत.

पहिला आकडा राष्ट्रीय लेख्यांतला, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाच्या सरकारी हिशेबातला, खाजगी अंतिम उपभोग खर्च. तो मुख्यतः उत्पादनाच्या बाजूने काढतात: किती गहू पिकला, किती निर्यात झाला, किती कारखान्यांना गेला, आणि उरला तो लोकांनी खाल्ला. दुसरा आकडा घरोघरी जाऊन विचारलेला, म्हणजे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात २,६१,७४६ कुटुंबांना ४०५ बाबींबद्दल विचारलं गेलं. देशाचा दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरांत ६,४५९ रुपये निघाला. महाराष्ट्राचे आकडे अनुक्रमे ४,०१० आणि ६,६५७.

सर्वेक्षणातून निघणारा एकूण उपभोग राष्ट्रीय लेख्यांतल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. सत्तरच्या दशकात ही दरी खूपच अरुंद होती. श्रीमंत घरं दार उघडत नाहीत किंवा सगळं सांगत नाहीत, लोक विसरतात, सर्वेक्षणात स्वतःच्या घराचं अंदाजाने काढलेलं (मानीव) भाडं धरत नाहीत, आणि लेख्यांतही ठोकताळे आहेतच. ‘गेल्या ३० दिवसांत काय खाल्लं’ असं विचारलं की एक उत्तर येतं आणि ‘गेल्या ७ दिवसांत’ विचारलं की वेगळं. १९९९-२००० च्या फेरीत हे दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारले गेले आणि गरिबी किती घटली यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. २०१७-१८ च्या सर्वेक्षणाचे निकाल तर दर्जाचं कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. अकरा वर्षं देशाला स्वतःच्या ताटाचा अधिकृत आकडा नव्हता. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. भाजक कितीही काटेकोर काढला तरी वरचा आकडाच नसेल तर भागायचं काय?

मग भारत तिसरा हे खरं की नाही?

खरं आहे. २०१७ मध्ये पीपीपीने जगाच्या जीडीपीत आपला वाटा ६.७ टक्के होता, आणि प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोगातही आपण तिसरेच होतो. पण हा देशाचा एकूण आकार झाला. माणशी भागलं तर जीडीपी अमेरिकेच्या साधारण दशांश येतो. दोन्ही वाक्यं एका दमात सांगावीत.

दारिद्र्यरेषा ‘रोज ३ डॉलर’ म्हणजे रोज अडीचशे रुपये?

नाही! ही चूक वर्तमानपत्रांतही दिसते. हे बाजारभावाचे डॉलर नसून पीपीपीचे आहेत. २०२२ पासून वापरात असलेली २.१५ डॉलरची रेषा २०१७ च्या किमतींवर होती. बाजारभावाने ती १४० रुपये झाली असती. पीपीपीने ती त्या वर्षीच्या रुपयांत पंचेचाळीसच्या आसपास बसते. एका माणसाचं दिवसभराचं खाणं, कपडे, औषध, प्रवास, सगळं पंचेचाळीस रुपयांत. ही रेषा किती खाली आहे, हे रुपयांत मांडल्याशिवाय जाणवत नाही.

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने २०२१ च्या किमतींवर ३ डॉलरची रेषा आणली. तिच्यानुसार २०२२-२३ मध्ये भारतात ५.३ टक्के लोक अतिगरीब ठरले, जुन्या रेषेने २.३ टक्के.

नवी फेरी आली की देश एका रात्रीत गरीब-श्रीमंत होतात, ते कसं?

देश तिथेच असतो, मोजपट्टी बदलते. २००५ च्या फेरीचे निकाल डिसेंबर २००७ मध्ये आले आणि चीन व भारत यांचे पीपीपीतले जीडीपी जवळपास ४० टक्क्यांनी आक्रसले. भारताने १९८५ नंतर किमतींची पाहणी केलीच नव्हती, जुना आकडा महागाईच्या दराने पुढे ढकलला जात होता. चीन तर प्रथमच सामील झाला होता, आणि त्याने अकरा शहरांतल्या व त्यांच्या आसपासच्या किमती दिल्या, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा महागड्या. पुढे २०११ च्या फेरीने काटा बराचसा उलट फिरवला. म्हणून कोणताही पीपीपी आकडा वाचताना ‘कुठल्या फेरीचा?’ हे आधी विचारा. दोन फेऱ्यांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

मला पुण्यात २० लाखांचं पॅकेज आहे. अमेरिकेत किती मिळालं तर बरोबरी होईल?

२०१७ च्या पीपीपीने भागलं तर सुमारे ९७ हजार डॉलर, त्या वर्षीच्या बाजारभावाने सुमारे ३१ हजार. इतका मोठा फरक पाहून लोक गोंधळतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण पीपीपी हा सगळ्या देशाच्या सरासरी टोपलीचा भाजक आहे. त्यात गावातला सुटा तांदूळही आहे आणि बैलाच्या मेहनतीवर पिकलेली भाजीही. वीस लाख मिळवणाऱ्या घराची टोपली तशी नसते. गाडी, लॅपटॉप, विमानाचं तिकीट यांच्या किमती दोन्हीकडे बाजारभावाच्या जवळ असतात. उलट स्वयंपाकाच्या मावशी, पाळणाघर, ड्रायव्हर यांत फरक प्रचंड. शिवाय जी बचत आईवडिलांना पाठवाल ती बाजारभावानेच रुपयांत बदलेल. म्हणून आपल्याच खर्चाची यादी करा, त्या शहरातलं भाडं, आरोग्यविमा आणि पाळणाघर यांचे भाव काढा, आणि बचतीचा हिशेब वेगळा ठेवा. यासाठी पीपीपी वापरू नका, असंच मी विद्यार्थ्यांना सांगते.

मुंबई आणि गडचिरोली यांना एकच भाजक कसा चालेल?

चालत नाही. दोन जिल्ह्यांतल्या भावांचा फरक कधी कधी दोन देशांतल्या फरकाएवढा असतो. जागतिक बँकेनेही भारतासाठी ग्रामीण आणि शहरी असे वेगळे हिशेब वापरले आहेत. आपल्याकडे या दिशेचं मोठं काम अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीचं. २००९ च्या अहवालात तिने शहरी दारिद्र्यरेषेची टोपली आधाराला धरली आणि राज्याराज्यांतल्या, गावा-शहरांतल्या भावांचा फरक फिशर निर्देशांकाने काढून प्रत्येक ठिकाणची रेषा ठरवली. २००४-०५ साठी देशाची रेषा दरडोई दरमहा ग्रामीण ४४६.६८ आणि शहरी ५७८.८० रुपये आली. रेषा फार खाली आहे म्हणून टीका झाली आणि ती रास्त होती. पण पद्धत म्हणून पाहाल तर हा देशाच्या आतला पीपीपीच आहे.

बर्गरच्या किमतीवरून करतात ते हेच का?

कल्पना तीच, पण एकाच वस्तूवर उभी. १९८६ पासून ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक मॅकडोनल्ड्सच्या बिग मॅक या बर्गरचा निर्देशांक काढतं. भारतात गोमांसाचा बर्गर नसल्याने महाराजा मॅक धरावा लागला, म्हणजे ‘तीच वस्तू’ हा नियम तिथेच मोडला.

आणि महागाईचा निर्देशांक?

तो एकाच ठिकाणचे दोन काळांतले भाव पाहतो. पीपीपी एकाच काळातले दोन ठिकाणचे.

घरच्या शेतातलं धान्य आणि घरचं काम यात येतं का?

शेतातलं धान्य, गोठ्यातलं दूध, परसातली भाजी येते. विकत घेतली नसली तरी तिची किंमत धरतात. पण त्याच धान्याची भाकरी भाजणं, म्हाताऱ्या सासऱ्यांची शुश्रूषा करणं, यातलं काही येत नाही. तेच काम मोलकरणीने किंवा खानावळीने केलं की येतं. ज्या देशांत ही कामं पैसे देऊन करून घेतात तिथला उपभोग त्यामुळे जास्त दिसतो. २०१९ पासून भारताची वेळ-वापर सर्वेक्षणं बायका या कामांत रोज किती मिनिटं घालवतात ते नोंदवतात. ती मिनिटं अजून उपभोगाच्या रकान्यात आलेली नाहीत.